किती चालली?

जुन्या पिकअपची जाहिरात टाकून बघा. पहिल्या तासाभरात जे मेसेज येतील, त्यातल्या बहुतेकांत एकच प्रश्न असेल: किती चालली? गाडी काय वाहायची, कुठल्या रस्त्यावर पळायची, पासिंग कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा उतरलाय का, चेसीला वेल्डिंग आहे का, यातलं काहीही नाही. किती चालली, आणि लास्ट किती.

हा प्रश्न मी स्वतः विचारला आहे. विचारला, समोरून आलेलं उत्तर खरं मानलं आणि त्यावर घरचे चार लाख पंच्याऐंशी हजार लावले. त्यामुळे आता सरळच सांगते: जुनी मालवाहू गाडी घेताना हा पहिला प्रश्न मूर्खपणाचा आहे. नुसता मूर्खपणाचा असता तरी एक वेळ चाललं असतं, पण हा प्रश्न अख्खा बाजार नासवतो. मीटर मागे फिरवणाऱ्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो. त्यांचं दुकान चालतं ते आपल्या या प्रश्नावर.

आमची शेती जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजाराला लागून. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली, तेव्हा चॅनेलवाले आमच्या भागात करोडपती शेतकरी शोधत हिंडत होते. आम्ही त्यांना सापडलो नाही, कारण आमचा प्लॉट सव्वा एकराचा. पण सोसायटीचं कर्ज फिटलं, आईच्या पाटल्या बँकेतून घरी आल्या आणि हातात थोडे पैसे उरले. दादाच्या डोक्यात पिकअप होती. ऐन तोड्याच्या वेळी भाड्याची गाडी मिळत नाही. मिळाली तर उशिरा येते, आणि उशिरा पोचलेल्या मालाला काय भाव मिळतो हे कुठल्याही टोमॅटोवाल्याला विचारा. स्वतःची गाडी असली की आपला माल वेळेत जातो आणि उरलेल्या दिवसांत वस्तीवरची चार भाडी मारता येतात. हिशेब सरळ होता.

"तायडे, तुझं कंप्युटरचं डोकं लाव जरा," दादा म्हणाला. मी पुण्यात नोकरी करते, दिवसभर एक्सेल बघते. घरातल्यांच्या मते त्यामुळे मला मोबाईल, विमा, डॉक्टर आणि गाड्या यातलं सगळं कळतं. मी शीट केली. मॉडेलचं वर्ष, कितवा मालक, किंमत, किलोमीटर. मग हुशारी म्हणून आणखी एक रकाना वाढवला: गाडीचं आयुष्य तीन लाख किलोमीटर धरायचं, त्यातून मीटरवरचा आकडा वजा करायचा, उरलेल्या किलोमीटरने किमतीला भागायचं. उरलेला एक किलोमीटर आपल्याला कितीला पडतो ते कळतं. तीन लाख हा आकडा कुठून आणला? एका व्हिडिओतून. त्या व्हिडिओतला माणूस एका सेडान कारला टेकून उभा होता, एवढं मात्र मला स्पष्ट आठवतंय.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही बोलेरो पिकअप, दोन्ही २०१६ च्या, दोन्हींत तेच २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन.

पहिली ओतूरची. मालक स्वतःच चालवणारा. मीटरवर २,८७,०००. किंमत तीन लाख साठ हजार. फुलं आणि भाजी घेऊन माळशेजमार्गे कल्याण आणि वाशी करायचा. केबिनमध्ये एक वही होती, तिच्यात प्रत्येक ऑईलची तारीख आणि आकडा. मी किती चालली विचारलं तर त्याने आकडा सांगितला आणि न विचारता पुढचंही सांगितलं: "इंजिन अजून खोललेलं नाही. पंप एकदा केलाय. क्लच आत्ताच टाकलाय. पण वर्ष-दीड वर्षात इंजिनाचं काम निघेल, ते धरून चाला." माझ्या शीटने उत्तर दिलं: उरले १३,००० किलोमीटर, एक किलोमीटर पडतो पावणेअठ्ठावीस रुपयांना.

दुसरी हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याकडे. पांढरीशुभ्र, धुतलेली, टायरला काळं पॉलिश, सीटवर नवं कव्हर, पेडलला नवे रबर. पासिंग एमएच-०८. मीटरवर ९२,०००. किंमत चार लाख पंच्याऐंशी हजार. "मॅडम, एक रुपयाचं काम नाही." शीटचं उत्तर: एक किलोमीटर दोन रुपये तेहतीस पैशांना.

दादाचं मन ओतूरच्या गाडीवर होतं. "माणूस बरा वाटला," एवढंच तो म्हणाला. मी म्हणाले, माणूस विकत घ्यायचा नाहीये आपल्याला.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही पांढरी गाडी घेतली. जूनच्या शेवटी ऐंशी कॅरेट टोमॅटो भरून दादा वाशीला निघाला. माळशेज उतरून मुरबाडच्या अलीकडे काटा वर चढला, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि गाडी बसली. दुसरी पिकअप मिळून माल भरेपर्यंत दुपार झाली. तो माल दुसऱ्या दिवशी, मिळेल त्या भावाला गेला.

गाडी टोचन करून आळेफाट्याला आणली. मिस्त्रीमामांनी आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि मला बोलावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ऑईल, २,३४,६००. खाली तारीख, २०२१ सालची. आम्ही गाडी घेतली त्याच्या तीन वर्षं आधीची. म्हणजे आमच्या हातात आली तेव्हा ती तीन लाखांच्या आतबाहेर होती. माझ्याच शीटच्या नियमाने तिचं आयुष्य संपलेलं होतं. मग मामा खाली शिरले आणि हौद्याखालच्या आडव्या चॅनेलवर स्क्रू ड्रायव्हरने टोचत गेले. काळ्या रंगाचे पापुद्रे पडले, त्याखालून तांबूस भुगा पडला. "मासळीची गाडी आहे ही. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं गळलंय."

एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी हे मला माहीत होतं. नंबरप्लेट बघताना माझ्या मनात समुद्र, आंबे, एकदा जायला पाहिजे, असं सगळं आलं होतं. किनाऱ्यावर पिकअप काय वाहत असेल हा प्रश्न आला नव्हता. कारण ९२,००० हे उत्तर मिळाल्यावर माझे प्रश्न संपले होते.

इथे कुणी म्हणेल, मीटर खोटं निघालं यात प्रश्नाचा काय दोष? फसवणारा फसवणारच. मलाही काही दिवस असंच वाटत होतं. मग मी ९२,००० हा आकडा, खोटा नसून खरा आहे असं समजून, पुन्हा मांडून बघितला. आठ वर्षांत ९२,००० म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. दिवसाला एकतीस-बत्तीस किलोमीटर. आता दुसऱ्या बाजूला आपल्या रस्त्यावरची पिकअप घ्या. वाशीची एक फेरी जाऊन-येऊन सव्वातीनशे-साडेतीनशे. आठवड्याला चार फेऱ्या, वर्षाचे चाळीस आठवडे, की पन्नास हजारांच्या पुढे जाते. पाच वर्षांत अडीच-पावणेतीन लाख. ही काही भरधाव पळवलेली, पिळून काढलेली गाडी नाही. हप्ता भरणारी, ड्रायव्हर पोसणारी साधी कामाची गाडी आहे. मग दिवसाला एकतीस किलोमीटर चालणारी पिकअप आठ वर्षं कुणाचं पोट भरत होती? एक तर ती वीटभट्टीवर होती, एक तर कोर्टकचेरीत उभी होती, नाही तर मीटर खोटं बोलतंय. तिन्हींपैकी कुठलंही उत्तर खरं असलं तरी गाडी घ्यायची नाही. कमी आकडा बघून मला आनंद झाला होता. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते.

आणि गंमत बघा, ही अक्कल आमच्या घरात होतीच. ट्रॅक्टर घेताना दादा कधी विचारत नाही किती किलोमीटर चालला. तो विचारतो, किती तास चालला. जेसीबीचंही तेच. यंत्र किती वेळ राबलं हे महत्त्वाचं, किती लांब गेलं हे नाही. तेच पिकअपला लावून बघा. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये घरोघर सिलिंडर किंवा पाण्याचे जार टाकणारी गाडी सरासरी ताशी वीसने चालत असेल, तर एक लाख किलोमीटरला इंजिन पाच हजार तास फिरलेलं असतं. हायवेवर ताशी पन्नासची सरासरी ठेवणारी गाडी दोन लाख किलोमीटर चार हजार तासांत कापते. दुप्पट चाललेल्या गाडीचं इंजिन हजार तास कमी राबलंय. वर शहरातल्या गाडीचा क्लच दर सिग्नलला घासलेला, स्टार्टर दिवसातून पन्नास वेळा मारलेला, इंजिन पुरतं गरम होण्याआधी बंद केलेलं.

मग भार. फुलं वाहणाऱ्या गाडीचा हौदा भरतो पण पाटे वाकत नाहीत. विटा, वाळू, मुरूम वाहणारी गाडी चार किलोमीटरच्या खेपा मारते, मीटर कूर्मगतीने सरकतं, आणि प्रत्येक खेपेला चेसी, पाटे आणि क्राउन यांची परीक्षा होते. कोंबड्यांच्या गाडीचा पत्रा विष्ठेने सडतो. मासळीच्या गाडीचं मी सांगितलंच. हे सगळं वाहून झाल्यावर मीटरवर जे दिसतं तो आकडा मात्र सगळ्यांचा एकाच जातीचा. आणि उभी राहिलेली गाडी, जिचं आपल्याला फार अप्रूप? तिचे सील वाळतात, डिझेलच्या टाकीत पाणी धरतं, टायरला चिरा जातात, वायरिंग उंदीर खातात.

माझा राग मीटर फिरवणाऱ्यावर आहेच, तो कुठे जाणार. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते. ती सोडून ठेवली की गाडी चालते आणि आकडा झोपतो. नव्या मीटरमध्ये आकडा चिपवर असतो, तो लॅपटॉप लावून बदलतात. कामाला दुपारही लागत नाही. अमेरिकेत मीटरशी छेडछाड हा १९७२ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि गाडी विकताना मीटरचा आकडा लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर चेसी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. किती चालली याचा रकाना नसतो. म्हणजे ज्या एका आकड्यावर आपण सगळा व्यवहार करतो, तो व्यवहाराच्या कागदावर कुठेच येत नाही. फसवणुकीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेत ३१८. मी वकिलाला विचारलं. त्याने पावती मागितली. पावतीवर लिहिलं होतं, "गाडी बघून, चालवून, खात्री करून घेतली." खाली दादाची सही. किलोमीटरचा उल्लेख नाही.

पण फिरवणारा माणूस आकाशातून पडलेला नाही. ओतूरचा गाडीवाला आणि तो व्यवहारवाला यांच्यात मी काय फरक केला ते बघा. ओतूरवाल्याने खरं सांगितलं, वही दाखवली, पुढचा खर्चही सांगितला. त्याला मी शिक्षा केली. दुसऱ्याने खोटं सांगितलं, त्याला मी सव्वा लाख जास्त दिले. असं एकटी मी करत नाही. अ‍ॅप उघडलं की आपण फिल्टर लावतो, एक लाखाच्या आत. म्हणजे खरं बोलणारी गाडी आपल्याला दिसतच नाही. मग दोन लाख ऐंशी हजारवाल्याने काय करायचं? एक तर गाडी भंगाराच्या भावात घालवायची, नाही तर दोन-तीन हजार देऊन आपल्या फिल्टरमध्ये बसायचं. आपण खोट्याला बोनस देतो आणि मग बाजारात प्रामाणिकपणा उरला नाही म्हणून स्टेटस टाकतो.

म्हणजे किलोमीटरला अर्थच नाही? आहे. सगळी विचारपूस झाल्यावर, वही आणि गाडी एकमेकींशी जुळल्यावर, शेवटी विचारायचा तो प्रश्न आहे. २,८७,००० हा आकडा खरा असेल तर गाडी घ्यायची की नाही हे तो सांगत नाही, पुढे कुठलं काम निघणार ते सांगतो. टर्बो, नोझल, क्लच, गिअरबॉक्सची बेअरिंग, रिंग-पिस्टन यांना आपापलं वय असतं, ते कुणी नाकारत नाही. पण त्या वयाची किंमत काढता येते. आमच्या इंजिनाच्या कामाचं बिल ८२,००० झालं. हौद्याखालचे चॅनेल बदलायला १८,०००. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरकच सव्वा लाखाचा होता. ओतूरची गाडी घेऊन, दुसऱ्याच दिवशी तिचं इंजिन खोलून, नव्यासारखं करून, वर नवे टायर टाकले असते तरी आम्ही फार तर बरोबरीत राहिलो असतो. आणि चेसी कोरडी मिळाली असती. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेल्या चेसीला ठिगळं लावता येतात, तेवढंच.

नंतर मिस्त्रीमामांबरोबर मी आणखी तीन-चार गाड्या बघायला गेले, वस्तीवरच्या एकाला घ्यायची होती म्हणून. त्यांनी एकदाही मीटर बघितलं नाही. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात. गरम लागलं तर तिथून परत. "आपल्याला थंड गाडी कशी उठते ते बघायचंय. गरम करून ठेवली म्हणजे लपवायचंय काहीतरी." गाडी गार असेल तर रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघायचे, डिपस्टिकला दुधाळ फेस आहे का बघायचे. मग चालू करून, ऑईल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवायचे. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. नाचायला लागलं, खालून धुराचे भपके आले, तर रिंगा गेल्या. हे करायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि मग पाऊण तास ते गाडीखाली असायचे. मला वाटायचं इंजिन म्हणजे गाडी. मामांच्या मते गाडी म्हणजे जे खालून दिसतं ते. चेसीला कुठे ताजा काळा रंग मारलाय? बाकी सगळीकडे चिखल आणि एवढ्याच भागाला रंग का? पाट्यांत एक जास्तीचा घातलाय का? फाळके वरून पट्ट्या जोडून उंच केलेत का? जादा पाटा आणि उंच फाळका म्हणजे गाडीने आयुष्यभर दीडपट माल ओढलाय, मालक काहीही म्हणो. मग रस्त्यावर. रिकामी नाही, वजन टाकून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबायची आणि कान मागे ठेवायचा. क्राउन गेला असेल तर रडतो.

नवी पेडल रबर बघून मामा हसले होते. लाखभर चाललेल्या गाडीची रबर बदलायची गरज कुणाला पडते? जुनी रबर अंगठ्याच्या जागी झिजलेली असती तर सगळं कळलं असतं.

कागदांचं थोडक्यात, कारण ते कंटाळवाणं आहे आणि तिथेच माणसं सगळ्यात जास्त अडकतात. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय इसारापुढे एक रुपया नाही. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, ती आधी विकणाऱ्याने भरायची. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो, पर्यावरण कर वेगळा. तेव्हा फिटनेसला दोन महिने उरलेत की अकरा, यावर किंमत बदलायला हवी. आणि गाडी स्वतःच्या नावावर करायचं टाळू नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीवर ज्याचं नाव त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्वच्छ सांगितलंय. त्यामुळे शहाणा विकणारा स्वतःच नाव बदलायच्या मागे लागतो. जो "होईल नंतर, काय घाई आहे" म्हणतो, तो का म्हणतो ते शोधा.

आता दुसऱ्या गटाकडे वळते. ही सगळी झंझट कशाला, सरळ नवी घ्या, असं सांगणारे. पुण्यात माझ्या ऑफिसमधले सगळे हेच म्हणाले. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, अकरा टक्के धरले तर महिन्याला सतरा हजार चारशेचा हप्ता. आमचा टोमॅटो वर्षातून चार महिने चालतो, त्यात भाव असेल तर. २०२३ च्या जुलैतली शंभरी तीन महिनेसुद्धा टिकली नव्हती. हप्त्याला टोमॅटोचा भाव विचारता येत नाही. ज्याच्याकडे बारमाही भाडं आहे, दुधाचं रूट आहे, कंपनीचं काम आहे, त्याने नवी घ्यावी, जरूर घ्यावी. ज्याचा धंदा मोसमी आहे त्याच्यासाठी तीन लाख चाललेली, खरं बोलणारी गाडी हाच धंदा आहे. ती उभी राहिली तर पैसे खात नाही.

पण हेही तितकंच खरं की ती प्रत्येकाने घेऊ नये. किमतीच्या वर लाखभर बाजूला ठेवता येत नसतील तर घेऊ नये. साडेतीन लाख असतील तर अडीचची गाडी बघावी. ओळखीचा मिस्त्री नसेल तर घेऊ नये. ज्याचा माल एक दिवस चुकला की गिऱ्हाईक कायमचं जातं, त्याने तर मुळीच नाही. आणि सगळ्यात आधी, गाडीला वर्षाचे किती दिवस काम आहे हे कागदावर मांडल्याशिवाय घेऊ नये. माझ्या शीटमध्ये गाडीचे सगळे रकाने होते. दादाच्या कामाचा एकही नव्हता.

ओतूरची गाडी तीन लाख चाळीसला गेली. नारायणगावच्या बाजारात ती अजून दिसते, मागे झेंडूची पोती. ज्याने घेतली त्याने इंजिनाचं काम गेल्या दिवाळीत केलं असं दादा सांगत होता. म्हणजे मालकाने सांगितलं होतं जवळजवळ त्याच सुमाराला.

आमची आम्ही विकायला काढलीय. इंजिन चांगलं आहे, आता खरोखरच चांगलं आहे, पण चेसी पुढच्या वर्षी पासिंगला पास होईल याची मामा खात्री देत नाहीत. मीटरवर १,२१,००० दिसतात. जाहिरातीत दादाने लिहिलं: मीटरवर १,२१,०००, खरे सव्वातीन लाखांच्या पुढे, इंजिन नवीन केलंय बिल आहे, मासळीची गाडी होती, चेसीचे चॅनेल बदललेत, येऊन बघा. किंमत तीन दहा.

पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले. किती चालली? दादा खरं सांगायचा. राहू द्या मग. एक एजंट घरी आला, गाडीभोवती फिरला, चहा घेतला आणि दादाला म्हणाला, "दादा, मीटरवर दिसतंय तेवढंच सांगा ना. तुम्ही कुठे फिरवलंय? तुम्हाला जसं मिळालं तसं पुढे द्यायचं. साडेचारला मी उद्या पार्टी आणतो."

दादाने माझ्याकडे बघितलं. साडेचार आणि तीन दहा यातला फरक म्हणजे आमचं अडकलेलं बियाणं, खत आणि ड्रिपचा उरलेला हप्ता. मी काही बोलले नाही. या घरात गाडीबद्दल बोलायचा माझा अधिकार मी माळशेजखाली घालवून बसले आहे. दादाने एजंटला सांगितलं, पार्टी आणा, पण झाकण उघडून दाखवीन. त्या झाकणावरचं २,३४,६०० आम्ही पुसलेलं नाही.

पार्टी आली नाही. जाहिरातीला आज एकवीस दिवस झाले. काल रात्री दादाने किंमत दोन नव्वद केली.